बीजांडात डोकावणारा प्राध्यापक

१९६२ साली ‘नेचर’ या विज्ञान-साप्ताहिकात दिल्ली विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागाचा एक छोटा लेख छापून आला. त्यावर के. कांता, एन. एस. रंगस्वामी आणि पंचानन महेश्वरी अशी तीन नावे होती. अफूच्या कोवळ्या बोंडातली बीजांडे या तिघांनी अलगद बाहेर काढली, काचेच्या नळीत पोषक द्रव्यांच्या थरावर ठेवली आणि त्यांच्यावर थेट परागकण टाकले. फुलाचा पत्ता नव्हता. परागकण ज्या कुक्षीवर पडायचे ती कुक्षीही नव्हती. तरी परागकण रुजले, त्यांच्या नलिका बीजांडांत शिरल्या, फलन झाले आणि नळीतल्या नळीत बिया धरल्या. माणसाचे पहिले ‘टेस्ट ट्यूब बेबी’ इंग्लंडमध्ये जन्मले ते १९७८ मध्ये. फुलझाडाच्या बाबतीत हा टप्पा दिल्लीने सोळा वर्षे आधीच गाठला होता.

त्या वेळी महेश्वरी सत्तावन्न वर्षांचे होते आणि विभागप्रमुख म्हणून त्यांना तेरावे वर्ष लागले होते. हा प्रयोग एखाद्या रात्री सुचून केलेला नव्हता. त्यामागे तीस-बत्तीस वर्षांची मेहनत होती, आणि ती मेहनत दोन ठिकाणी सारखीच झाली होती: सूक्ष्मदर्शकाखाली आणि वर्गातल्या फळ्यापुढे. विद्यापीठातला प्राध्यापक म्हणजे शिकवणारा माणूस की शोधणारा माणूस, हा वाद आपल्याकडे अजून चालतो. महेश्वरींचे आयुष्य पाहिले की हा वाद मुळातच चुकीचा वाटू लागतो.

पंचानन महेश्वरींचा जन्म नोव्हेंबर १९०४ मध्ये जयपूरला झाला. उच्च शिक्षणासाठी ते अलाहाबादला गेले आणि तिथल्या इविंग ख्रिश्चन कॉलेजात त्यांना विनफील्ड डजन नावाचे अमेरिकन मिशनरी शिक्षक भेटले. हे डजन म्हणजे १९२० मध्ये स्थापन झालेल्या इंडियन बोटॅनिकल सोसायटीचे पहिले अध्यक्ष. वनस्पतींच्या रचनेची, विशेषतः फुलाच्या आत काय घडते याची गोडी महेश्वरींना त्यांनी लावली. आपला विद्यार्थी आपल्यापुढे गेला तर त्यातच आपल्याला मोठे समाधान आहे, असे डजन म्हणत. तुमच्यासाठी मी काय करू, असे महेश्वरींनी गुरूंना विचारले तेव्हा, मी तुझ्यासाठी जे केले ते तू तुझ्या विद्यार्थ्यांसाठी कर, अशा आशयाचे उत्तर त्यांना मिळाले. ही आठवण महेश्वरींच्या चरित्रात पुन्हा पुन्हा सांगितली जाते. अशा आठवणी बऱ्याचदा नुसत्या शोभेच्या असतात. या माणसाने मात्र ती शब्दशः पाळली, म्हणून तिचे महत्त्व.

१९२७ मध्ये एम.एस्सी., १९३० पासून आग्रा कॉलेजात अध्यापन, १९३१ मध्ये अलाहाबाद विद्यापीठाची डी.एस्सी. ही झाली कागदावरची नोंद. त्या काळात त्यांनी अभ्यासाला कोणत्या वनस्पती घेतल्या हे पाहण्यासारखे आहे. १९२९ च्या सुमारास त्यांनी पुनर्नवेवर लिहिले. ही पुनर्नवा म्हणजे आपल्याकडे पावसाळ्यात रानभाजी म्हणून खाल्ली जाणारी घेटुळी. १९३१ मध्ये त्यांनी शिरीषावर लिहिले. एक पडीक जमिनीवर पसरणारी वेल, दुसरे रस्त्याकडेला सावली देणारे झाड. दुर्मीळ वनस्पतीच्या शोधात हिमालय पालथा घालण्याची त्यांना गरज वाटली नाही. फाटकाबाहेर जे उगवते त्याच्या पोटात काय चालले आहे हेच कोणी नीट पाहिलेले नव्हते.

पोटात पाहायचे म्हणजे काय करायचे, हे थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण महेश्वरींच्या विद्यार्थ्यांची अर्धी घडण या कामात झाली.

फुलाच्या मधोमध अंडाशय असतो, अंडाशयात बीजांडे असतात आणि प्रत्येक बीजांडात भ्रूणकोश. बहुतेक फुलझाडांत या भ्रूणकोशात सात पेशी आणि आठ केंद्रके असतात. त्यातली एक पेशी म्हणजे अंडपेशी. हा सगळा संसार इतका लहान असतो की नुसत्या डोळ्यांना त्याचा मागमूस लागत नाही. म्हणून कळी तोडून लगेच फॉर्मॅलिन, ॲसेटिक आम्ल आणि अल्कोहोल यांच्या मिश्रणात टाकायची, म्हणजे पेशी आहेत त्या स्थितीत थांबतात. मग टप्प्याटप्प्याने तिच्यातले पाणी काढायचे, वितळलेल्या पॅराफिन मेणात ती मुरवायची आणि मेणाचा ठोकळा मायक्रोटोम नावाच्या यंत्रावर कापायचा. एकेक काप मिलिमीटरच्या शंभराव्या भागाइतका पातळ. काप एकमेकांना चिकटून त्यांची फीत तयार होते. ती काचेवर बसवायची, मेण विरघळवून टाकायचे, रंग द्यायचा आणि मग सूक्ष्मदर्शक. एकच भ्रूणकोश अनेक कापांत विभागलेला असतो. सुट्या झालेल्या पोथीची पाने क्रमाने लावावीत तसे ते काप मनात जुळवायचे आणि कॅमेरा ल्युसिडा या आरशाच्या साधनाने त्याचे चित्र काढायचे. फुलाच्या एका क्षणाचे हे एक चित्र. कळीपासून बीपर्यंतची सगळी गोष्ट सांगायची तर असे शेकडो क्षण लागतात, आणि नेमका फलनाचा क्षण हाती लागावा म्हणून कळ्या दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी तोडाव्या लागतात.

यात महागडे काही नाही. एक बरा मायक्रोटोम, एक चांगला सूक्ष्मदर्शक, मेण, रंग आणि अमाप चिकाटी. पारतंत्र्यातल्या गरीब कॉलेजाला परवडेल असे हे विज्ञान होते आणि त्यात जगाच्या तोडीचे काम करता येत होते. महेश्वरींनी हे ओळखले. पुढे दिल्लीत त्यांचे उजवे हात ठरलेले ब्रिज मोहन जोहरी हे आग्र्याच्याच दिवसांतले त्यांचे विद्यार्थी.

त्या काळी फुलझाडांच्या भ्रूणविज्ञानात माहितीचा डोंगर साचला होता, पण त्यात चुकांचाही भरणा होता. १८९८ मध्ये रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ सर्गेई नवाशिन यांनी लिलीच्या कुळातल्या फुलांत द्विफलन दाखवून दिले होते. परागनलिकेतून दोन नरपेशी येतात. एक अंडपेशीशी मिळते आणि तिच्यातून भ्रूण वाढतो. दुसरी भ्रूणकोशाच्या मधल्या केंद्रकांशी मिळते आणि तिच्यातून भ्रूणपोष, म्हणजे भ्रूणाची शिदोरी तयार होते. भाताचा दाणा, गव्हाचे पीठ, ज्वारीची भाकरी हा सगळा मुख्यतः हा भ्रूणपोषच. शहाळ्यातले पाणीही भ्रूणपोषच आहे, फक्त द्रवरूपातला. म्हणजे मानवजातीचे पोट ज्या घटनेवर भरते ती घटना कळून तेव्हा जेमतेम तीन दशके झाली होती. गंमत अशी की ज्या लिलीच्या भ्रूणकोशाची चित्रे जगभरच्या पाठ्यपुस्तकांत ‘सर्वसामान्य नमुना’ म्हणून छापली जात होती, तो भ्रूणकोश मुळीच सर्वसामान्य नव्हता. इटालियन संशोधिका बाम्बाचोनी यांनी १९२८ मध्ये ते दाखवले, आणि मग जुनी निरीक्षणे पुन्हा तपासण्याची गरज सगळ्यांना पटली. महेश्वरींनी हे तपासणीचे काम अंगावर घेतले. १९३७ मध्ये त्यांनी भ्रूणकोशाच्या प्रकारांचा चिकित्सक आढावा प्रसिद्ध केला. कुठले निरीक्षण पक्के, कुठले डळमळीत आणि कुठले चक्क चुकीचे, हे त्यात नावानिशी सांगितले होते. पस्तिशीही न गाठलेला भारतीय प्राध्यापक युरोप-अमेरिकेतल्या नामवंतांच्या स्लाइडींवर शंका घेत होता आणि त्याच्या शंका खऱ्या ठरत होत्या.

लखनौला बिरबल साहनींच्या विभागात थोडा काळ काढून १९३९ मध्ये महेश्वरी ढाका विद्यापीठात गेले. तिथला वनस्पतिशास्त्राचा विभाग त्यांनी उभा केला. त्याच विद्यापीठात त्या वर्षांत भौतिकशास्त्राचे सत्येंद्रनाथ बोस होते. बंगालमधल्या दुसऱ्या मोठ्या विद्यापीठात, कलकत्त्याला, वनस्पतिशास्त्राचे अध्यासन तेव्हा मालवणचे शंकर पुरुषोत्तम आघारकर सांभाळत होते. आघारकरांनी पुढे पुण्यात येऊन १९४६ मध्ये महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी उभी केली आणि आज तिथली संस्था त्यांच्याच नावाने ओळखली जाते. महेश्वरी मात्र फाळणीनंतरही १९४९ पर्यंत ढाक्यातच होते. त्यानंतर दिल्लीचे कुलगुरू सर मॉरिस ग्वायर यांच्या निमंत्रणावरून ते दिल्ली विद्यापीठात आले आणि अखेरपर्यंत तिथेच राहिले.

ढाक्याच्या वर्षांत आकाराला आलेला ग्रंथ १९५० मध्ये मॅग्रॉ-हिल या अमेरिकन प्रकाशनाने काढला. ‘ॲन इंट्रोडक्शन टू द एम्ब्रियॉलॉजी ऑफ अँजिओस्पर्म्स’ हे त्याचे नाव. फुलझाडांच्या भ्रूणविज्ञानाची जगातली कित्येक वर्षे प्रमाण मानली गेलेली ही ओळख. हा ग्रंथ चाळताना एक गोष्ट लगेच जाणवते. तो शिकवणाऱ्याने लिहिलेला आहे. प्रत्येक प्रकरणात आधी काय ठाऊक आहे, मग कुठे मतभेद आहेत आणि शेवटी अजून काय शोधायचे राहिले आहे, अशा क्रमाने विषय पुढे जातो. संशोधनाला नवा विषय हवा असलेल्या विद्यार्थ्याने तो हातात धरावा आणि कुठूनही सुरुवात करावी.

भ्रूणकोश पाहून काय मिळते, असा प्रश्न कोणीही विचारील. एक उत्तर शिंगाड्यात आहे. भंडारा-गोंदियाच्या तलावांत ढिवर समाजाचे लोक शिंगाडा पिकवतात आणि उपवासाला त्याचे पीठ घरोघरी लागते. ही वनस्पती कोणत्या कुळात घालायची याबद्दल वनस्पतिशास्त्रज्ञांत एकमत नव्हते. बरेचजण तिला ऑनाग्रेसी कुळात बसवत. या कुळाची एक पक्की खूण आहे: भ्रूणकोशात आठऐवजी चारच केंद्रके असतात. महेश्वरींच्या विभागातल्या मानसी राम यांनी शिंगाड्याच्या फुलाचा कळीपासून बीपर्यंत अभ्यास करून १९५६ मध्ये तो प्रसिद्ध केला. शिंगाड्याच्या भ्रूणकोशात केंद्रके आठ. भ्रूणाची रचनाही वेगळी, दोन बीजपत्रांपैकी एक खुरटलेले. थोडक्यात, शिंगाडा त्या घरचा नाही. पुढे डीएनएच्या आधारे वर्गीकरण सुरू झाले तेव्हा त्याचे घर सापडले: लिथ्रेसी. म्हणजे शिंगाड्याचे सख्खे भाऊबंद कोण, तर मेंदी, डाळिंब आणि महाराष्ट्राचे राज्यफूल असलेला तामण. जनुकांचा मागमूस नसताना मेणातल्या कापांवरून अर्धे उत्तर आधीच मिळाले होते.

बांडगुळांची गोष्ट याहून विलक्षण आहे. आंब्या-सागावर वाढणारी ही परोपजीवी झुडपे आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहेत. महेश्वरी, जोहरी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी या गटावर वर्षानुवर्षे काम केले. बांडगुळांच्या एका मोठ्या गटात नेहमीसारखे बीजांडच नसते. भ्रूणकोश लांबच लांब वाढत जातात आणि अंडाशय सोडून वर कुक्षीवृंतात चढतात. काही जातींत तर ते थेट कुक्षीपर्यंत पोहोचतात, म्हणजे परागनलिकेने खाली यायचे त्याऐवजी भ्रूणकोशच तिला सामोरा जातो. दुसऱ्या गटात, व्हिस्कम आणि त्याच्या नातलगांत, भ्रूणकोश असे वर चढत नाहीत. दोन्हींना मराठीत आपण एकाच नावाने ओळखतो आणि वनस्पतिशास्त्रातही ती एकाच कुळात होती. आतली घडण पाहिल्यावर त्यांना वेगळे करावे लागले. आजचे वर्गीकरण व्हिस्कमला चंदनाच्या कुळात बसवते.

असे असले तरी महेश्वरी या वर्णनात अडकून पडले नाहीत, आणि इथेच त्यांचे मोठेपण आहे असे वाटते. एकेक जात घ्यायची, तिचे काप करायचे, चित्रे काढायची आणि निबंध छापायचा, हा क्रम कधीही न संपणारा आहे. फुलझाडांच्या जाती लाखोंनी आहेत. महेश्वरींच्या नावाने चालणाऱ्या परंपरेतही पुढे असे ठरावीक साच्याचे निबंध बरेच निघाले. खुद्द महेश्वरींना मात्र पन्नाशीच्या आत-बाहेर असतानाच कळले होते की पाहणे पुरेसे झाले, आता करून बघायला हवे. ज्या वयात बहुतेक प्राध्यापक आपल्या ठरलेल्या वाटेवर स्थिरावतात त्या वयात त्यांनी सगळ्या विभागाला नवी दिशा दिली: कोवळे भ्रूण, बीजांडे, अंडाशय, परागकोश झाडापासून वेगळे करून काचेच्या नळीत वाढवायचे.

या कामाला लागणारा एक पदार्थ भारतात मुबलक होता. १९४१ मध्ये अमेरिकेत व्हान ओव्हरबीक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी धोत्र्याचे कोवळे भ्रूण वाढवण्यासाठी नारळाचे पाणी वापरले होते. निसर्गाने भ्रूणासाठीच साठवलेली शिदोरी दुसऱ्या वनस्पतीच्या भ्रूणालाही चालते, हा त्यातला तर्क. दिल्लीच्या प्रयोगशाळेतही शर्करा, क्षार आणि जीवनसत्त्वांच्या मिश्रणात हे पाणी घातले जाऊ लागले.

रंगस्वामींनी १९५८ मध्ये लिंबूवर्गीय फळांच्या बीजांडातली आईच्या अंगाची ऊती काढून तिच्यापासून नळीत भ्रूण मिळवले. विदर्भातल्या संत्रा बागायतदाराला हा विषय वेगळ्या नावाने माहीत असतो. नागपुरी संत्र्याचा डोळा बहुधा जंबेरीच्या खुंटावर भरतात. जंबेरीची एक बी पेरली की अनेकदा दोन-तीन रोपे येतात. त्यातले एखादेच फलनातून आलेले असते. बाकीची थेट आईच्या ऊतीतून वाढलेली, म्हणजे तंतोतंत आईसारखी. म्हणून रोपवाटिकेतले खुंट एकसारखे निघतात आणि बागेतली झाडे सारखी वाढतात. वेगळे दिसणारे रोप रोपवाटिकावाला उपटून टाकतो. त्याच्या अनुभवाच्या मागची जी यंत्रणा, तीच दिल्लीत नळीत उभी केली जात होती.

मग परागीभवनाचा प्रश्न हाती घेतला गेला. दोन वेगळ्या जातींचा संकर करायला गेले की पुष्कळदा कुक्षीच परक्या परागकणांना रुजू देत नाही, किंवा नलिका वाटेतच थबकते. तो अडथळाच टाळला तर? कांता आणि महेश्वरी यांनी आधी परागकण पाण्यात मिसळले, त्यात किंचित बोरिक आम्ल घातले आणि ते पिचकारीने थेट अंडाशयात सोडले. अफू आणि पिवळा धोत्रा यांसारख्या, एकाच कुळातल्या फुलांवर हे प्रयोग झाले आणि बिया धरल्या. पिवळा धोत्रा म्हणजे पडीक रानात आणि रेल्वेरुळांच्या कडेला माजणारे ते काटेरी तण. त्यानंतरची पायरी म्हणजे अंडाशयही वगळायचा, आणि तीच १९६२ च्या ‘नेचर’मधली गोष्ट.

या विभागाने जगाला दिलेला सर्वांत मोठा शोध मात्र महेश्वरींच्या नावावर नाही, त्यांच्या विभागातल्या पुढच्या पिढीच्या नावावर आहे. शिप्रा गुहा या तरुण संशोधिका आणि पंचानन महेश्वरींचे पुत्र सतीश चंद्र महेश्वरी धोत्र्याचे परागकोश नळीत वाढवत होते. परागकण तयार होताना होणारे अर्धगुणसूत्री विभाजन समजून घ्यावे, हा त्यांचा हेतू. काही आठवड्यांनी परागकोश फाटून त्यातून भ्रूणासारखे कोंब बाहेर डोकावू लागले. १९६४ मध्ये त्यांनी हे ‘नेचर’मध्ये कळवले आणि १९६६ मध्ये दाखवून दिले की हे भ्रूण परागकणांतूनच आलेले आहेत आणि त्यांच्यात गुणसूत्रांचा एकच संच आहे.

नराच्या पेशीतून, फलनाशिवाय, अख्खे रोप. याचा उपयोग कळायला पिके सुधारणाऱ्यांना वेळ लागला नाही. नेहमीच्या रोपात गुणसूत्रांचे दोन संच असतात आणि त्यातले गुण झाकले जातात. शुद्ध वाण मिळवायचा तर सहा-आठ पिढ्या स्वपरागीभवन करत निवड करावी लागते. एकगुणित रोपात झाकायला दुसरा संचच नसतो. कोल्चिसिन या रसायनाने तोच संच दुप्पट केला की एका फटक्यात पूर्ण शुद्ध वाण हाती येतो. १९६७ मध्ये फ्रान्समध्ये तंबाखूवर आणि १९६८ मध्ये जपानमध्ये भातावर हे तंत्र यशस्वी झाले. चीनने ते भात आणि गव्हाच्या वाणांसाठी मोठ्या प्रमाणावर वापरले. आज जगभर पीकसुधारणेच्या प्रयोगशाळांत ‘दुप्पट केलेले एकगुणित’ ही रोजची बाब आहे. सुरुवात दिल्लीतल्या धोत्र्याच्या एका कळीपासून झाली.

शिप्रा गुहा पुढे जवाहरलाल नेहरू विद्यापीठात प्राध्यापक झाल्या. महेश्वरींसोबत नीटम या चमत्कारिक वनस्पतीवर ग्रंथ लिहिणारे इंद्र वासिल अमेरिकेत फ्लोरिडा विद्यापीठात गेले आणि तिथे त्यांच्या गटाने १९९२ मध्ये जगातला पहिला जनुकांतरित गहू तयार केला. जोहरी, रंगस्वामी, एच. वाय. मोहन राम यांनी दिल्लीतच विद्यार्थ्यांच्या पिढ्या घडवल्या. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत नाडगौडा, परशरामी आणि मस्कारेन्हास यांनी १९९० मध्ये बांबूला नळीत फुले आणली. ते काम वेगळ्या संस्थेचे आणि वेगळ्या परंपरेचे, पण तोवर भारतात ऊतिसंवर्धनाला जी ओळख आणि जी प्रतिष्ठा मिळाली होती तिच्यात दिल्लीचा वाटा मोठा होता. आता तर जळगावचा केळी उत्पादकही ‘टिश्यू कल्चरची रोपे’ म्हणूनच रोपांची मागणी नोंदवतो.

महेश्वरींनी विभागापलीकडेही पाहिले. १९५१ मध्ये त्यांनी वनस्पतींच्या रचनेचा अभ्यास करणाऱ्यांची आंतरराष्ट्रीय संघटना दिल्लीत स्थापन केली आणि ‘फायटोमॉर्फॉलॉजी’ हे नियतकालिक सुरू केले. संशोधन दिल्लीत करायचे आणि छापायला परदेशात पाठवायचे, एवढ्यावर ते थांबले नाहीत. परदेशी शास्त्रज्ञांनी आपले निबंध दिल्लीला पाठवावेत अशी जागा त्यांनी निर्माण केली. शिंगाड्यावरचा तो निबंध याच नियतकालिकात आला. डिसेंबर १९६१ मध्ये ऊतिसंवर्धनावरचे आंतरराष्ट्रीय चर्चासत्रही त्यांनी दिल्लीत भरवले. १९६५ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना फेलो म्हणून निवडले.

याच वर्षांत, जगभर नाव झालेले असताना, त्यांनी शाळेच्या पुस्तकाचे काम हाती घेतले. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन आणि प्रशिक्षण परिषद, म्हणजेच एनसीईआरटी, १९६१ मध्ये स्थापन झाली होती. उच्च माध्यमिक वर्गांसाठी जीवशास्त्राची पहिली पाठ्यपुस्तके तयार करण्याचे नेतृत्व महेश्वरींनी केले आणि ती १९६४ मध्ये निघाली. विद्यापीठातल्या नामवंत संशोधकाने शाळकरी मुलांसाठी लिहायला बसणे आपल्याकडे आजही कमीपणाचे मानले जाते. पदोन्नतीच्या हिशोबात शोधनिबंध मोजले जातात, शाळेचे पुस्तक मोजले जात नाही. महेश्वरींनी दोन्ही कामांना एकच प्रतिष्ठा दिली. त्यांच्या कारकिर्दीतली ही सर्वांत कमी बोलली जाणारी आणि कदाचित सर्वांत दूरवर पोहोचलेली गोष्ट आहे.

१८ मे १९६६ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले. वय अवघे एकसष्ट. विभाग थांबला नाही, कारण तो एका माणसावर उभा नव्हता. हीच प्राध्यापकाच्या कामाची खरी कसोटी म्हणावी लागेल.

विद्यापीठांतल्या वनस्पतिशास्त्राची आजची स्थिती पाहिली की ही कसोटी मनात येत राहते. मायक्रोटोमवर बसणारे हात कमी झाले. फुलझाडाचे कुळ नुसत्या डोळ्यांनी ओळखणारे शिक्षक निवृत्त होत आहेत आणि त्यांच्या जागा वेळेवर भरल्या जात नाहीत. डीएनए वाचणारी यंत्रे आली हे उत्तमच झाले, पण शिंगाड्याच्या भ्रूणाचे एक बीजपत्र खुरटलेले असते हे यंत्र सांगत नाही; ते कोणीतरी कळी कापून पाहावे लागते. आणि पाहायला शिकवणारा कोणीतरी शेजारी उभा असावा लागतो. वैद्यकीय प्रवेशपरीक्षेच्या धावपळीत तर पाहण्याचा तासच नाहीसा होत चालला आहे. अनेक ठिकाणी प्रात्यक्षिके वहीत पूर्ण होतात, टेबलावर होत नाहीत.

एनसीईआरटीच्या बारावीच्या पुस्तकात प्रजननाच्या विभागाच्या आरंभी महेश्वरींचे छायाचित्र आणि चरित्र छापलेले असते. महाराष्ट्रातली लाखो मुले प्रवेशपरीक्षेसाठी तेच पुस्तक वाचतात. त्याच विभागात परागकण रुजवण्याचे एक साधे प्रात्यक्षिक दिले आहे. काचपट्टीवर दहा टक्के साखरेच्या पाण्याचा थेंब घ्यायचा, त्यावर सदाफुलीचे किंवा तेरड्याचे ताजे परागकण झटकायचे आणि पंधरा ते तीस मिनिटांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे. परागकणातून नलिका बाहेर येताना दिसते. सदाफुली प्रत्येक कॉलेजाच्या आवारात असते आणि साखर कॅन्टीनमध्ये मिळते. कनिष्ठ महाविद्यालयातल्या जीवशास्त्राच्या शिक्षकांनी हा अर्धा तास वेळापत्रकात राखून ठेवावा, आणि प्रत्येक मुलाला स्वतःच्या डोळ्याने ती नलिका पाहू द्यावी.